थोडें आणि थोडेंसें

परवां आमची नात इंग्रजीचा अभ्यास करीत बसली होती. ‘किती तांदूळ’ याचें भाषांतर तिनें ‘हाउ मेनी राइस’ असें केलें, आणि आम्हीं आजोबांच्या अधिकारानें ‘मेनी’ खोडून ‘मच’ लिहिलें. ती म्हणाली, “आजोबा, आजी तांदूळ निवडले म्हणते, निवडला म्हणत नाहीं. मग ते अनेक नाहींत का?”

प्रश्न बिनतोड होता. तांदूळ, गहू, पोहे, केस, पैसे हे सारे आपल्याला अनेकवचनी. इंग्रजांनीं मात्र त्यांची रास करून ती एकवचनी ठरविली. त्यांच्याही घरीं सगळें नियमानें चालतें असें नव्हे. त्यांचा गहू एकवचनी, पण ओट अनेकवचनी! वाटाण्याचा त्यांचा जुना शब्द ‘पीझ’ हा राशीचाच होता. शेवटचा ध्वनि अनेकवचनाचा समजून लोकांनीं त्यांतून ‘पी’ हा एकटा दाणा सोलून काढला. मोजतां येणाऱ्या वस्तूंना ‘लेस’ न लावतां ‘फ्यूअर’ लावावें, हें रॉबर्ट बेकर यानें १७७० सालीं केवळ आपली आवड म्हणून सुचविलें. आमच्या मास्तरांनीं तें आम्हांस छडीनें शिकविलें.

असो. ‘मच’-‘मेनी’ची चूक झाली तर फार तर हंसें होतें. खरा घात ‘लिट्ल’ आणि ‘फ्यू’ यांच्या आधींच्या ‘ए’ या एका अक्षरांत आहे. तें असलें तर थोडेंसें आहे; नसलें तर जवळजवळ नाहींच. हा भेद मराठी शब्दाच्या शेपटाशीं दाखविते, ‘थोडेंच’ आणि ‘थोडेंसें’. इंग्रजी तो तोंडाशीं दाखविते, आणि आमची नजर तिकडे जात नाहीं.

१९८४ सालीं आमच्या भाच्याला एका पेढींत हिशेबनिसाची जागा हवी होती. शिफारसपत्र आम्हींच लिहिलें. त्याला थोडासा अनुभव आहे असें सांगावयाचें होतें. लिहून बसलों ‘लिट्ल एक्स्पीरिअन्स’. अनुभव नसलेला मनुष्य नको, असें उत्तर आलें. आम्हीं पेढीला महिनाभर नांवें ठेवलीं.

पुढें कित्येक वर्षांनीं त्या पत्राची नक्कल हातीं लागली, तेव्हां चूक दिसली. त्याच संध्याकाळीं भाच्याकडे जाऊन ती कबूल केली. तो हंसला. म्हणाला, “मामा, पाकीट बंद करण्यापूर्वीं मीं वाचलें होतें. पण तुमच्या इंग्रजींत अक्षर कोण घालणार?”