बघायला एक माणूस

कोल्हापूर

प्रिय चिऊ,

स्क्रिप्ट आणि शेड्यूल दोन्ही वाचलं. कोलकात्यातल्या डमडमच्या गच्चीवर डोक्यावरून विमान जातं आणि बापलेक बोलता बोलता गप्प होतात, तो सीन फार आवडला. आता प्रॉडक्शनवाल्या मामाचं थोडं ऐक.

ड्रोनचा शॉट काढून टाक. विमानतळालगतचा भाग 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे रेड झोनमध्ये येतो, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तिथे काही उडवता येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती स्क्रिप्टमध्ये नसलेल्या गोष्टींची. मार्च 2023मध्ये पन्हाळ्यावर ‘वेडात मराठे वीर दौडले सात’चं शूटिंग चालू असताना घोडे सांभाळणारा कोवळा पोरगा तटावरून खाली पडला आणि उपचार चालू असताना वारला. एप्रिल 2025मध्ये संगम माहुलीला ‘राजा शिवाजी’च्या गाण्याचं शूटिंग झाल्यावर एक नर्तक अंगावरचा रंग धुवायला कृष्णेत उतरला आणि वाहून गेला. त्या घडीला दोघांपैकी एकही कॅमेऱ्यासमोर नव्हता. तलवारबाजीला फाइट मास्टर असतो, तालीम असते. तटाच्या कडेला आणि नदीच्या काठाला बहुतेक वेळा कोणीच नसतं.

तुमच्यासारख्या छोट्या युनिटमध्ये तर साउंडवालाच गाडी चालवतो आणि असिस्टंट चहाही आणतो, लाइटही धरतो. सगळेच कामाला जुंपलेले, मग लक्ष कोण ठेवणार? तू नाहीच, तुझे डोळे मॉनिटरवर. म्हणून एक माणूस फक्त बघायला ठेव. तो ‘थांबा’ म्हणाला की टेक चालू असला तरी थांबायचं, हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर तू स्वतः सांग. तू सांगितलं नाहीस तर बिचारा ऐन वेळी तोंड उघडणार नाही.

डमडममध्ये त्याची गरज जास्त आहे. विमानं टेक खात राहणार, ऊन उतरत जाणार, जेवण लांबणार. मग ‘एकच शॉट राहिलाय’ म्हणत कोणीतरी कठड्यावर चढणार. माणसं पडतात ती याच तासाला, मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. गच्चीवर दिवसाला स्क्रिप्टची सहा पानं लावलीस, तिथे तीनच ठेव. कठडा कंबरेच्या खाली असेल तर कडेपासून चार फुटांवर पिवळी टेप मार. माइकचा बूम धरणारा मागे सरकतो तेव्हा त्याची नजर नटावर असते, त्याच्या पाठीशी माणूस हवाच. वैशाखातली संध्याकाळ म्हणजे कालबैशाखीच्या वादळाची वेळ. वाऱ्याचा एक झोत आला की स्टँडवरचं स्किमरचं कापड शिडासारखं फुगतं, म्हणून प्रत्येक पायावर वाळूची पिशवी ठेव. आभाळ गडगडलं की सामान तिथेच सोडून सगळे खाली.

घर जुनं आहे म्हणतेस. एक किलोवॅटचा लाइट 230 व्होल्टवर चार अँपियरपेक्षा जास्त ओढतो, तेव्हा 5 अँपियरच्या प्लगवर त्याच्या जोडीला दुसरं काही लावू नका. अर्थिंग आहे की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घे.

रुळांवरचा सीन मात्र तू बदलावास असं मला मनापासून वाटतं. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. बूमचा दांडा तारेला टेकायचीही गरज नाही, जवळ गेला तरी वीज उडी घेते. 2014मध्ये अमेरिकेत जॉर्जियाला ‘मिडनाइट रायडर’चं युनिट रेल्वे कंपनीने नकार दिलेला असतानाही पुलावर गेलं. गाडी आली आणि सेरा जोन्स ही कॅमेरा असिस्टंट मुलगी जागीच गेली. दिग्दर्शकाला तुरुंगात जावं लागलं. तुझी पोरं तुझ्या शब्दावर कुठेही उभी राहतील, चिऊ. शॉट बाहेरच्या रस्त्यावरून लांब लेन्सने घे.

रात्री गल्लीतून आर. जी. कर हॉस्पिटलला पोचायला किती वेळ लागतो, ते एकदा गाडीने जाऊन पाहा. आणि त्या बघणाऱ्या माणसाचं नाव घातलेली कॉल शीट मला पाठव. त्याचे पैसे बजेटमध्ये बसत नसतील तर मी देतो.

तुझा,
मामा