कुंडी भंडाऱ्याच्या वाटेवर

बऱ्हाणपुरास आलेल्या पाहुण्याला कुंडी भंडारा दाखविणे हा आम्हां रहिवाशांचा जणू कुलाचारच. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी भुयाराने जोडलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांतून शहरात आणले गेले. झिरपणारा थेंबही वाया न घालविणारे हे गाव!

गेल्या मार्गशीर्षात एका स्नेह्यास तो दाखवून परतताना शहराच्या कडेला एका गोठ्यापाशी आम्ही थबकलो. म्हशींखालचे शेणमूत पाण्याच्या लोटाने गटारात ढकलले जात होते. तेथून ते नाल्यात आणि नाल्यातून तापीत. जवळच केळीच्या बागेत माझा एक जुना विद्यार्थी उधारीवर आणलेल्या रासायनिक खताच्या गोण्या उतरवीत होता. शेणखत का घालीत नाहीस, असे विचारता तो म्हणाला, "गुरुजी, बैल विकले, गोठा रिकामा झाला. आता शेण आणायचं कुठून?" पन्नास पावलांवर ते वाहत होते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या इंदुरात फार पूर्वी शोधले गेले आहे. तेथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण आणि मूत्राने भिजलेली गोठ्यातील माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. १९३१ साली निघालेल्या तिच्यावरील ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड हे नाव आहे. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत देणारी टाकी रूढ केली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. विटांच्या भिंतींत हवेसाठी भोके. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. सुमारे शंभर किलो शेण पुरते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

केळीच्या मुलखास हे विशेष सोयीचे. घड उतरल्यावर उरणाऱ्या खांबात पालाशाचा अंश भरपूर असतो. तो चिरून, सुकवून टाकीत घातला की जमिनीचे बरेचसे जमिनीस परत मिळते.

विद्यार्थ्याने गोठेवाल्याशी बोलणे केले. गोठा धुण्याआधी शेण फावड्याने ओढून ठेवायचे, गाडीभाडे शेतकऱ्याचे, एवढाच करार. चैत्रात टाकी उघडली तेव्हा काळेभोर, भुसभुशीत खत निघाले. शेणाचा वास उरला नव्हता. रासायनिक खत त्याने एकदम सोडलेले नाही. पण काही गोण्या कमी झाल्या आणि तेवढी उधारीही. इतर गोठ्यांचे गटार अजून वाहतेच आहे. पुढल्या पाहुण्यास मात्र कुंडी भंडाऱ्यानंतर ही टाकीही दाखवीन म्हणतो.