जोडीची झीज

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर लोक नव्या वस्तूंच्या याद्या करीत होते, तेव्हा आमच्या घरात एका जुन्या गीअरपेटीवर खल चालला होता. दुरुस्त करावी की बदलावी? लग्न जुळवतानाही आमच्याकडे इतकी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

आमची मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून घेतलेली. अंथुर्ण्याहून बारामतीला जाताना एका चढावर तिचा तिसरा गीअर आपोआप सुटला. दांडा माझ्या हातात, मोटार जागच्या जागी, आणि शेजारी बसलेली आई शांतपणे म्हणाली, "हिला दम लागलाय रे."

शाळेत बातमी पोहोचताच सहकाऱ्यांचे दोन तट पडले. एक म्हणे, भंगारात घाला; दुसरा म्हणे, दुसरी तयार पेटी आणून बसवा. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला व्यवहार कळत नाही, यावर मात्र दोन्ही तटांचे एकमत होते. याच जातीच्या मोटारी एकेकाळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळत, असे मी सांगून पाहिले. "पळाल्या ना? मग आता बसू द्या," असे उत्तर मिळाले.

माझी अडचण निराळी होती. या मोटारीचा गीअरचा दांडा सुकाणूपाशी, त्यामुळे पुढची बैठक सलग. गुडघ्यांनी दगा दिलेली आई तिथे पाय लांब करून बसते आणि दर महिन्याला बारामतीच्या डॉक्टरांकडे जाते. घरात पैसे होते. पण ते मुलीच्या वसतिगृहासाठी बाजूला काढलेले. सौभाग्यवतीने पहिल्याच दिवशी बजावले, "अहो, पेटीचे काय ते करा. त्या पाकिटाला हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी मोटार चालवून पाहिली. पहिल्या तीन गीअरांत घरघर, चौथ्यात जवळजवळ शांत. ते म्हणाले, "गुरुजी, चौथ्यात जोर सरळ निघून जातो. बाकीच्यांत खालच्या दांड्यावरनं फिरून येतो. दुखणं तिथंच कुठंतरी हाय. पण पेटी उघडल्याबिगर बोलायचं न्हाई." तेल काढले तर त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. पेटी उघडली. बेअरिंगे झिजलेली, तिसऱ्या गीअरच्या एका दात्याचा टवका गेलेला. बाकी संसार धड होता.

तयार पेटी मुंबईहून स्वस्तात मिळत होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. मोडीत निघालेल्या टॅक्सींच्या पेट्या अजून हाताशी होत्या. माझे मन तिकडे झुकले. मिस्त्री हसले. "टॅक्सीची पेटी म्हंजे ईस वर्सं मुंबईच्या गर्दीत घासलेली. आपल्या पेटीचा रोग आपल्याला कळलाय. तिचा कुणाला ठावं? ती बी उघडावीच लागंल."

"मग तुटलेले एवढे एकच चाक बदला," मी काटकसरीने म्हणालो.

"एकट्यानं भागत न्हाई, गुरुजी. दातं जोडीनं झिजत्यात. जुन्यापुढं नवं घातलं तर दोघं भांडत बसत्यात."

शेवटी एका मोडक्या पेटीतून तिसऱ्या गीअरचे चाक आणि त्याचा जोडीदार, म्हणजे ज्यावर त्याचे दाते बसतात तो खालचा दांडा सगळ्या चाकांसकट, असे दोन्ही आणले. त्या दांड्याशी जुळणारी वरची चाकेही त्याच पेटीतली घेतली. बेअरिंगे नवी घातली. तयार पेटीपेक्षा खर्च थोडा जास्तच आला. तो माझ्या कादंबरीच्या मानधनातून भागला. माझ्या लेखनाने कोणाला तरी पुढे नेले, याचा एवढा रोकडा पुरावा मला पूर्वी मिळाला नव्हता.

आमच्या शेजारच्या वालचंदनगरात साखर कारखान्यांसाठी अवजड दातेरी चाके तयार होतात. ते गाव वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली प्रीमियरचा कारखाना काढला. या रस्त्याने मी इतकी वर्षे ये-जा केली. पण दोन दाते एकमेकांना कसे घडवतात, हे मला चाळिशी उलटल्यावर एका मिस्त्रीने शिकवले.

पाडव्याच्या संध्याकाळी सौभाग्यवती ओवाळायला आली. मी मोठ्या उत्साहाने तिला जोडीच्या झिजेचे तत्त्वज्ञान सांगितले. तिने ऐकून घेतले, निरांजन सारखे केले आणि विचारले, "म्हणजे घरघर कोणाची, ते ठरले का?"

आई आतून हसली. मी मुकाट्याने ताटात ओवाळणी टाकली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. आईला माहेरी जायचे होते, आणि मोटार दारात उभी होती.