स्तमाता

ग्रीक भाषेत ‘स्तमातो’ हे क्रियापद थांबण्याच्या आणि थांबवण्याच्या अर्थाने वापरले जाते, आणि त्याच्या आज्ञार्थी रूपाशी तंतोतंत जुळणारे ‘स्तमाता’ हे स्त्रीनाम ग्रीसमध्ये, ओळीने मुलीच झालेल्या घरात, ही शेवटची ठरावी या इच्छेने बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवले जाई. ज्या नावाने मुलीला जन्मभर हाक मारायची, ते मुळात तिच्या पाठच्या बहिणीला घातलेला अडसर असावे, यातील क्रौर्य सहजासहजी विसरता येत नाही. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ असे नाव वाहणाऱ्या २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली, तो प्रसंग येथे आपोआप शेजारी येऊन उभा राहतो.

या इच्छेमागे ‘प्रीका’, म्हणजे हुंडा, होता. अलेक्झांड्रोस पापादिआमांतिस यांच्या १९०३ मधील ‘फोनिसा’ या स्कियाथोस बेटावरील कथेतील म्हातारी तान्ह्या मुलींना मारते, ती याच ओझ्याच्या विचाराने भ्रमिष्ट होऊन. आणि ग्रीक कायद्यातून हुंडा गेला तो थेट १९८३ मध्ये. मुले दगावणाऱ्या घरात मात्र याच क्रियापदाने मृत्यूला अडवले जाई, आणि तेथे ‘स्तमातिस’ हे पुरुषनाम आपल्याकडच्या धोंडू-दगडूंच्या पंक्तीत बसते. एकाच शब्दाने कुठे मरण थांबवायचे आणि कुठे मुलगी, हा पंक्तिभेद कोणत्याही रूढीच्या नावाखाली क्षम्य ठरू नये.

१८२२ मध्ये खिओस बेटावर धर्मासाठी मारल्या गेलेल्या स्पेत्सेस बेटावरील तिघांपैकी एक स्तमातिओस होता, आणि ३ फेब्रुवारीच्या त्याच्या स्मृतिदिनामुळे या नावाला संताचा आधारही लाभला. पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचे नाव देण्याची ग्रीक प्रथा असल्याने, आजीला नाइलाजाने मिळालेले नाव नातीकडे मात्र मानाने येते.

घरात या नावाचे लाडके रूप ‘मातूला’ होते, म्हणजे थांबवणाऱ्या शब्दाचा आरंभच गळून पडतो, आणि उरलेला ध्वनी ‘माती’, म्हणजे डोळा, या शब्दाच्या जवळ जातो. ग्रीक माणूस जिवलगाला ‘मातिया मू’, माझे डोळे, असेच म्हणतो. व्युत्पत्तिशास्त्र हा संबंध मानणार नाही, तरी ज्या कोणी प्रथम हे नाव असे तोडले, त्या अनाम आईविषयी किंवा आजीविषयी कृतज्ञता वाटते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मात्र पूर्ण रूपच लिहिले जाते.