मामाचं नाक

माझा मामा आयुष्यभर तंबाखू तपासत होता. छंद म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. निपाणीत एका वखारीत पोऱ्या म्हणून लागला, पुढे पुण्यात एका विडी कारखान्यात खरेदी आणि मिश्रण बघायला आला आणि तिथूनच रिटायर झाला.

लोकांना वाटतं की अशा माणसाचं काम म्हणजे उत्तम तंबाखू शोधणं. तसं अजिबात नाही. त्याचं काम होतं, गिऱ्हाइकाला काहीही वेगळं जाणवू न देणं. माल निपाणीकडून यायचा, गुजरातेतल्या चरोतरहून यायचा. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला की पान कडक निघतं, जास्त झाला की मवाळ. दरवर्षीचा माल वेगळा, पण विडी मात्र तीच लागली पाहिजे. मग याचं प्रमाण वाढव, त्याचं कमी कर, थोडा मागच्या सालचा माल घाल. आमच्या भाषेत रिग्रेशन टेस्टिंग! (आयटीबाहेरच्या मंडळींसाठी: नवीन काही घातल्यावर जुनं बिघडलं नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासणं.) फरक एवढाच की आमचा टेस्टर बग सापडला की खूश होतो. मामा काहीच सापडलं नाही की खूश व्हायचा.

त्याची पद्धत मी पाहिलेली आहे. आधी पान उजेडात धरायचं. विडीच्या तंबाखूच्या पानावर तांबूस-काळे ठिपके हवेत, पान जाड हवं. मग मुठीत चुरडायचं, आवाज ऐकायचा, मूठ उघडून वास घ्यायचा, तोही एकदाच. "दुसऱ्यांदा हुंगलं की नाक खोटं बोलतंय," असं त्याचं म्हणणं. मग चुरा करून, चाळून, टेंभुर्णीच्या पानात स्वतः विडी वळायची आणि पेटवायची. दोन झुरके. तिसऱ्याच्या आधी थांबायचं, कारण विडी न ओढता किती वेळ जळत राहते ते बघायचं असायचं. खाऱ्या पाण्यावर वाढलेली तंबाखू नीट जळत नाही, सारखी विझते. शेवटी राख. पांढुरकी राख म्हणजे माल चांगला जळतो. काळी राहिली तर पोतं बाजूला.

चव? चवीबद्दल तो फार बोलायचाच नाही. "लागते", "लागत नाही", "घशाला धरते". संपलं.

माझ्या टीममधल्या एका मित्राला पाइपचा नाद आहे. ऑनसाइटला असताना लागला. त्याच्याकडे एक्सेल शीट आहे (अर्थातच!). प्रत्येक मिश्रणाची पाकिटातला वास, पहिला तिसरा भाग, मधला, शेवटचा, जिभेला चावतं का, खोलीत मागे राहणारा वास अशा कॉलमांत नोंद आणि चारपैकी स्टार. मी स्वतः ओढत नाही, पण ती शीट वाचायला मजा येते. 'वाळलेलं अंजीर, जुनं चामडं, पावसानंतरचं रान' वगैरे. एका शनिवारी मी त्याला मामाकडे घेऊन गेलो. दोन टेस्टर समोरासमोर बसले की काय होतं, हे मला बघायचं होतं.

पहिला डबा उघडला तो व्हॅनिलाच्या वासाचा. मामाने चिमूट घेतली, दाबली आणि मित्राकडे दयेने बघितलं.

"लेका, तुला फसवलंय. वजन वाढवायला पाणी मारलंय ह्यात."

मित्राने समजावलं की पाइपची तंबाखू मुद्दाम दमट ठेवतात, म्हणजे सावकाश आणि थंड जळते. मामाला ते काही पटलं नाही. त्याच्या हिशोबात ओली तंबाखू म्हणजे वजनकाट्यावरची लबाडी, बाकी काही नाही. वर मुरांब्याचा वास!

दुसरा डबा लताकियाचा. हे पान सायप्रस आणि सीरियाकडचं, लाकडाच्या धुरावर वाळवलेलं. शौकीन मंडळी त्यावर जीव टाकतात. मामाने एकदाच हुंगलं.

"असला माल बघायला आमच्याकडं विम्याचा माणूस यायचा."

मित्र हसून हसून लोळला. पण मग मामाने विचारलं, "पुढच्या वर्षी हाच डबा घेतलास तर हीच चव लागंल का?"

आणि इथे मित्र एकदम गंभीर झाला. म्हणाला, आम्हा पाइपवाल्यांची सगळी भांडणं त्यावरच असतात. डनहिलच्या नावाची पाइपची तंबाखू २०१८ मध्ये बंद झाली, तीच मिश्रणं २०१९ पासून पीटरसनच्या नावाने यायला लागली. तीच आहेत की नाहीत यावर अजून वाद. मामाने मान डोलावली. आपल्या पुण्यातही साबळे वाघिरे कंपनीने मागणीनंतर संभाजी विडीचं नाव बदलायचं २०२० मध्ये ठरवलं आणि ती साबळे बिडी झाली. मामाचं मत असं की नाव बदललं की आत काही बदललेलं नसलं तरी निम्म्या लोकांना चव बदललेली लागणारच. जीभ आधी पाकीट वाचते.

मित्राचा पन्नास ग्रॅमचा डबा. एका विडीत साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू, म्हणजे त्यात अडीचशे विड्या. किंमत ऐकल्यावर मामा बराच वेळ गप्प होता. मग निपाणीबद्दल बोलायला लागला.

हुंगायचं एकदाच, पण त्या एका हुंगण्यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. व्यापाऱ्याने नाक मुरडलं की भाव पडला. खरंच माल हलका आहे की नुसतंच मुरडलंय, हे शेतकऱ्याला कसं कळणार? पैसेही व्यापाऱ्याच्या सवडीने. याच सगळ्यातून १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीला महामार्ग अडवला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. मामा तेव्हा वखारीत होता. व्यापाऱ्याच्या बाजूने हुंगणारा. त्याचा चुलता रस्त्यावर बसलेल्यांत होता. "घरात महिनाभर कुणी माझ्याशी बोललं न्हाई," एवढंच तो म्हणाला. आणि मग वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायांबद्दल, तोंडाला पदर बांधून दिवसभर खोकत काम करणाऱ्या. त्यांना मालाची पारख त्याच्याहून जास्त होती म्हणे. त्यांना कुणी विचारायचं नाही.

मित्राने पाइप भरला, पण पेटवला नाही. मामाच्या शेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं, ते त्याला तेव्हा दिसलं.

मामाला धाप लागायला लागली तेव्हा मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती ओढायचात?

"एरवी बारा-पंधरा. सीझनला तीस-चाळीस," मामा म्हणाला. "पण ओढत न्हवतो हो, तपासत होतो."

डॉक्टरांनी केसपेपरवर नुसता आकडा लिहिला.