काकूंचे पिस्तूल

आमच्या अजिंठ्यात भाव करण्याचे शिक्षण मुलाला शाळेत घालण्याआधीच मिळते. लेण्यांच्या वाटेवर, फर्दापूरच्या फाट्यापाशी, गारगोट्या विकणारी पोरे तुम्ही पाहिली असतील. वरून खडबडीत, आतून जांभळ्या स्फटिकांनी चमचमणारा गोटा ती प्रवाशाला हजार रुपयांना सांगतात. प्रवासी हसतो, की तो पाचशे होतो. प्रवासी गाडीत बसतो, की दोनशे. गाडी हलली की पोरगा खिडकीला लोंबकळत शंभरावर येतो, आणि शंभराला विकूनही संध्याकाळी खुशीत घरी जातो. या व्यापाराचे मर्म एवढेच, की वस्तू काय आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. याच्या उलटेही घडू शकते, आणि कधी कधी दोघांनाही काहीच ठाऊक नसते, हे मला काकूंच्या पिस्तुलाने शिकवले.

काकू आमच्या शेजारच्या. काका वारले तेव्हा मागे एक वाडा, दोन म्हशी आणि एक पिस्तूल राहिले. वाडा पडका, म्हशी आटलेल्या. विकण्याजोगे राहिले ते पिस्तूलच. तशात काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा आकडा सांगितला तेव्हा काकू म्हणाल्या, "मास्तर, त्या लोखंडाचे किती येतील ते बघा. तुम्हाला त्यातलं कळतं."

मला त्यातले कळते हा गावाचा समज कसा झाला ते सांगितले पाहिजे. माझ्या पहिल्या कादंबरीत एक फौजदार सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून एका दमात आठ गोळ्या झाडतो. एका निवृत्त सैनिकाचे मला पत्र आले : "आपल्या फौजदारास उरलेल्या दोन गोळ्या कोणी पुरवल्या?" त्या पत्राची मला इतकी लाज वाटली, की पुढची दोन वर्षे मी शस्त्रांवरची मिळतील ती पुस्तके वाचून काढली. गावात बातमी मात्र अशी पसरली, की मास्तर पिस्तुलांचा अभ्यास करतात.

तसा आमच्या गावाचा आणि बंदुकीचा संबंध जुना. १८०३ साली असईची लढाई झाली, तेव्हा वेलस्लीच्या सैन्यातील जखमींचे इस्पितळ अजिंठ्यातच थाटले होते. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी वाघाच्या मागे वाघूरच्या दरीपाशी आला आणि त्याच्या दृष्टीस लेणी पडली. १८४४ साली चित्रांच्या नकला करायला आलेला रॉबर्ट गिल तर हाडाचा शिकारी. एका हातात कुंचला, दुसऱ्यात बंदूक. काकांचे पिस्तूल मात्र वाघासाठी नव्हते. ते होते कागदावरच्या काळ्या वर्तुळासाठी.

काकांच्या वडिलांनी ते १९३४ साली, निजामाच्या अमदानीत, सिकंदराबादेहून आणले. कोल्ट कंपनीचे 'वुड्समन', पॉइंट बावीस बोअरचे, साडेसहा इंची नळीचे. मूळ रचना जॉन ब्राउनिंग या प्रसिद्ध कारागिराची. १९१५ पासून १९७७ पर्यंत कंपनी ही जात बनवीत होती. हे 'रिमफायर' जातीचे पिस्तूल. आपल्या पोरांच्या दिवाळीतल्या टिकल्या आठवा. टिकलीत दारूचा ठिपका मधोमध असतो. साध्या काडतुसातही तशीच एक टोपी बुडाच्या मध्यभागी असते. रिमफायर काडतुसात ती ठिणगीची दारू बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत, बांगडीसारखी गोल भरलेली असते, आणि पिस्तुलाची सुई मध्यावर न आपटता कडेवर आपटते. काडतूस लहान, धक्का नाममात्र, आवाज बेताचा. म्हणूनच नेमबाजी शिकणाऱ्यांचे ते लाडके.

आता भाव. परदेशात अशा जुन्या पिस्तुलाची किंमत ठरवणारे लोक पहिल्यांदा विचारतात, मूळचा निळा-काळा मुलामा शाबूत आहे का? नंतर कोणी पॉलिश करून पुन्हा रंग चढवला असेल, तर ते नव्यासारखे दिसते, पण कोरलेल्या अक्षरांच्या कडा झिजून गोल होतात आणि किंमत निम्म्यावर येते. म्हणजे झिजलेले चालते, नटवलेले चालत नाही. मग नळी आतून स्वच्छ आहे का, मॅगझीन मूळचे आहे का, डबा-कागद आहेत का. हे सारे जमले तर अमेरिकेत अशा पिस्तुलाला काही शे डॉलरपासून हजार-दीड हजारापर्यंत येतात. आपल्याकडे गणित निराळे. १९८० नंतरच्या दशकात सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आणण्याची वाट बंद झाली. नावाजलेल्या नेमबाजांपुरतीच ती उघडी राहिली. त्यामुळे जे आधी देशात आले तेच या हातातून त्या हातात फिरते, आणि ज्या लोखंडाला तिकडे कोणी वळून पाहणार नाही त्याला इथे लाखांच्या गोष्टी चालतात. हा भाव वस्तूचा नव्हे, बंद दाराचा.

परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते. काकांचे शहरातल्या एका दुकानात जमा होते. दुकानदाराने काकूंना साठ हजार सांगितले. काकू मनातल्या मनात साठावर आल्याही होत्या. इतक्यात सिल्लोडकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत शिकलेली, हवेच्या पिस्तुलाने जिल्ह्यात बक्षिसे मिळवणारी. राही सरनोबतने २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून त्या मुलीच्या कपाटावर राहीचे चित्र आहे. तिलाही आता पंचवीस मीटरकडे वळायचे होते, आणि त्या स्पर्धेला लागते रिमफायर पॉइंट बावीस. वडिलांनी काकांच्या पिस्तुलाबद्दल ऐकले होते. मक्याचे पैसे हाती होते. "सर, टार्गेट पिस्तूल आहे म्हणतात. दोन लाख देतो. पोरीला सांगू नका, तिला एकदम दाखवायचंय."

दोन लाख! काकूंनी त्या रात्री आमच्याकडे वाटीभर शिरा पाठवला.

त्या गृहस्थांनी पंचवीस हजार विसार दिला. आणि माल एकदा पाहून घ्या म्हणून मला बरोबर घेऊन शहर गाठले. जाताना मी सवयीने कंपासपेटीतली पट्टी खिशात टाकली. मास्तरांच्या खिशात पट्टी असते, यात विशेष काही नाही.

दुकानदाराने मॅगझीन काढले, खटका मागे ओढून आत काडतूस नसल्याचे दाखवले, आणि पिस्तूल माझ्या हातात दिले. मी ते काकांच्या हातात दर दसऱ्याला पाहत आलो होतो. हातात असे प्रथमच घेतले. कोल्टच्या अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. काकांनी कधीतरी हैदराबादेस नेऊन ते नव्याने निळे करून आणले होते. वडिलांची वस्तू चांगली दिसावी म्हणून. अक्षरांच्या खाचांत लाल काहीतरी होते. गंज समजून मी नखाने खरवडले तर ते कुंकू. दर दसऱ्याला ओल्या बोटाने लावलेली हळद आणि कुंकू. त्याखाली खसखशीएवढे खड्डे पडले होते. आणि नळीच्या मागच्या तोंडाशी, कडेला, एक बारीक ठोका. तो पाहिल्याबरोबर मला काका दिसले. पूजा झाली की काका अंगणात येत, पिस्तूल आकाशाकडे धरत आणि रिकामेच तीनदा वाजवत. खट्, खट्, खट्. आम्ही पोरे टाळ्या पिटायचो. रिमफायरची सुई कडेवर आपटते हे वर सांगितलेच; आत काडतूस नसले की ती थेट नळीच्या पोलादावर बसते. चाळीसेक दसऱ्यांचे ठोके तिथे जमा झाले होते. अशा ठोक्याने काडतूस आत अडकू लागते.

हे सगळे मी त्या गृहस्थांना दाखवले. ते म्हणाले, "चालायचंच सर, जुनं आहे. पोरीला खेळता आलं म्हणजे झालं."

खेळता आले म्हणजे झाले. आणि मला एकदम ते नियम आठवले. त्या मुलीसाठी इंग्रजी नियमपत्रकाचे मराठी मीच करून दिले होते. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा घोडा निदान हजार ग्रॅमचा भार पेलणारा हवा, दोन माशांमधले अंतर दोनशे वीस मिलिमीटरच्या आत हवे, आणि नळी एकशे त्रेपन्न मिलिमीटरहून लांब नको. मी पट्टी काढली. कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची. ती नळीला लावली, तर पट्टी संपली आणि नळी संपली नाही. बोटभर पुढे होती. साडेसहा इंच म्हणजे एकशे पासष्ट मिलिमीटर. हे काकांचे 'टार्गेट' पिस्तूल आजच्या कोणत्याही पंचवीस मीटरच्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरूनच परत आले असते.

दुकानदार माझ्याकडे पाहत होता. त्याला कळले असावे. तो हलकेच म्हणाला, "मास्तर, सौदा ठरलाय ना? मग मोजता कशाला?"

मी पट्टी खिशात घातली आणि, सांगायला लाज वाटते, त्या वेळी काही बोललो नाही. परतीच्या गाडीत ते गृहस्थ पोरीबद्दल बोलत होते आणि मी फुलंब्री, सिल्लोड अशी गावे मोजत होतो. एका पारड्यात काकूंचे गुडघे. दुसऱ्यात ती पोर. काकूंना काही ठाऊक नाही, गृहस्थांना ठाऊक नाही. ठाऊक फक्त मला. उद्या ती पोर पिस्तूल घेऊन स्पर्धेला गेली आणि कोणीतरी तिच्यासमोर पट्टी धरली, तर तिला पहिली आठवण त्या मराठी नियमपत्रकाची होणार. सिल्लोडला ते उतरले तसा मीही उतरलो. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर त्यांना सांगितले. त्यांनी पट्टी मागून घेतली, पंधराचा आकडा बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, "बरं झालं सर." पण चेहऱ्यावर काही बरे झालेले दिसले नाही.

काकूंना सांगणे त्याहून कठीण गेले. त्यांनी ट्रंकेतून विसाराचे पंचवीस हजार काढून माझ्यापुढे मोजून ठेवले आणि एवढेच विचारले, "मास्तर, तुम्हाला पट्टी न्यायला कोणी सांगितलं होतं?"

पुढे चार महिन्यांनी नाशिककडचे एक वृद्ध गृहस्थ आले. जुन्या पिस्तुलांचा त्यांना नाद. या खेपेला मी आधीच सर्व सांगून टाकले : मुलामा मूळचा नाही, कुंकवाचे खड्डे, नळीचा ठोका. त्यांनी शहरात जाऊन भिंग लावून पाहिले, परत आले, काकूंच्या ओटीवर बसले आणि मला म्हणाले, "दोष तुम्ही सगळे सांगितलेत. गुण का नाही सांगत? याचं बिल आहे का घरात?"

बिल! मला सुचलेच नव्हते. काकूंनी देवघराच्या फडताळातला कागद आणला. दसऱ्याला पिस्तूल ज्यावर ठेवत तोच. सिकंदराबाद, १९३४, काकांच्या वडिलांचे नाव, पिस्तुलाचा नंबर, 'टार्गेट मॉडेल'. सारे स्वच्छ वाचता येत होते. फक्त किमतीचा आकडा वाळवीने खाल्ला होता. म्हातारबुवा खूप हसले. म्हणाले, "मी नव्वद हजार मनात धरून आलो होतो. हा कागद आहे, तर एक लाख वीस." त्यांनी तो कागद तसाच दडपून नेला असता तर आमच्यापैकी कोणाला काय कळणार होते?

कायद्याप्रमाणे आगाऊ लेखी कळवून, पंचेचाळीस दिवस थांबून, व्यवहार पुरा झाला. काकूंचा एक गुडघा झाला आहे. दुसरा पुढच्या वर्षी. ती मुलगी सध्या आपल्या शिक्षकांच्या पिस्तुलावर सराव करते. म्हातारबुवांचे पत्र आले होते : खाचांतले कुंकू त्यांनी काढलेले नाही.

काकू अलीकडे माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. निदान मला तसे वाटते. त्यांच्या हातचे अनारसे दरवर्षी नरकचतुर्दशीला, आमचे अभ्यंग आटोपायच्या आत, आमच्या घरी येतात. पितळी डब्यात, बरोबर वीस. माझ्या लहानपणापासून हा आकडा चुकलेला नाही. या दिवाळीतही डबा आला, तोच, त्याच वेळी. मी झाकण उघडून मोजले. बारा होते.

मी पुन्हा एकदा मोजले. मग बायकोला म्हटले, "काकूंचे गणित पक्के आहे."