श्रमनिद्रा आणि एक घंगाळ पाणी

धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की परगावच्या मंडळींस बहुधा दोनच गोष्टी आठवतात : एक आई तुळजाभवानी आणि दुसरी पाण्याची टंचाई. बालाघाटाच्या डोंगररांगांवर पसरलेला हा आमचा मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. सन १९७२चा दुष्काळ आम्ही शाळकरी वयात अनुभवला. आणि शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते सन २०१६ तर अगदी कालचेच. अशा प्रदेशातील एका निवृत्त मास्तराने स्नानाच्या सुखावर लेख लिहावयास बसावे, याचे वाचकांस हसू येईल. परंतु गेल्या आश्विनात तुळजापुरी आम्हांस जो धडा मिळाला तो पाण्याच्या विपुलतेचा नव्हता, म्हणूनच सांगण्याजोगा वाटतो.

धाराशिवाहून तुळजापूर वीस-बावीस किलोमीटर. कोजागरीस सोलापूर व कर्नाटकाकडील यात्रेकरू हजारोंच्या संख्येने पायी येतात. ती गर्दी होण्यापूर्वी दर्शन घ्यावे म्हणून द्वादशीस सकाळीच आम्ही, आमची सौभाग्यवती आणि धाकट्या बंधूंची सून असे तिघे एस.टी.ने निघालो. देऊळ यमुनाचल डोंगराच्या उतारावर खोलगट जागी आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरत गेले म्हणजे कल्लोळतीर्थ व गोमुखतीर्थ लागते. सर्व तीर्थे एकाच वेळी येथे धावून आली आणि त्यांच्या पाण्याचा कल्लोळ झाला, म्हणून हे कल्लोळतीर्थ, अशी कथा आहे. गोमुखातून पाण्याची धार पडत होती. लांबून चालत आलेली एक वृद्धा तीखाली पाय धरून डोळे मिटून बसली होती. मागे माणसे खोळंबली होती. तरी तिला कोणी ‘ऊठ’ म्हटले नाही.

निंबाळकर दरवाजातून आत गेलो. सिंहासनावर देवी नव्हती. ती शेजघरात पलंगावर निजलेली होती. परगावच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, आणि ती वर्षातून तीनदा सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविली जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत, म्हणजे नवरात्राच्या आधी, ती घोरनिद्रा. विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत ती श्रमनिद्रा. आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी ती मोहनिद्रा. श्रमनिद्रेचा पलंग अहिल्यानगराकडून येतो, पालखी बुऱ्हाणनगराहून. एरवी पहाटेच्या चरणतीर्थापासून रात्रीच्या प्रक्षाळपूजेपर्यंत देवीचा दिनक्रम ठरलेला असतो. पंचामृताने अभिषेक, स्नान, वस्त्रे, अलंकार, नैवेद्य आणि शेवटी शेज. यांतील कोणताही उपचार घाईने उरकण्याचा नव्हे.

दर्शन घेऊन आम्ही प्राकारात टेकलो. सौभाग्यवती हसत म्हणाली, “अहो, नऊ दिवस लढली म्हणून आईला पाच दिवस निजवतात. ऊठ, कामे पडली आहेत, असे कोणी म्हणत नाही तिला.”

ती हसली, आम्हांस मात्र हसू आले नाही. आमचे घर अकरा माणसांचे. चाळीस वर्षे पहाटे सर्वांच्या आधी तीच उठत आली आहे. पूर्वी बंब पेटविण्यासाठी, आता टाकीत पाणी आले की नाही हे पाहण्यासाठी. शाळेची मुले, कचेरीची मंडळी, पूजेला बसणारे आम्ही, असे सर्वांचे स्नान झाल्यावर उरलेल्या दोन तांब्यांत तिचे काकस्नान होई. तेवढ्यातही ‘दूध उतू चालले’ अशी हाक ठरलेली. गेल्या दोन वर्षांत तिची झोप उडाली होती, टाचा फाटून रक्त येत होते. वैद्यांनी तपासून सांगितले की, रोग काही नाही, विश्रांती हवी. ती आम्ही ऐकली, आणि कोणीच दिली नाही.

खरी लाज पुढे आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येचा अध्याय आम्हांस शिकत्या वयापासून मुखोद्गत. अभ्यंग नित्य करावा, तो जरा, श्रम आणि वात हरण करतो; मस्तक, कान व तळपाय यांस तो विशेष हितकर, हे आम्ही कितीएक विद्यार्थ्यांस समजावून दिले असेल. अभि उपसर्ग, अञ्ज् धातू, अशी व्युत्पत्तीही फळ्यावर लिहून दाखविली. पण आपल्या घरात श्रम कोणाचे, हा प्रश्न आम्हांस सुचला नाही. आणि दिवाळीच्या पहाटे साऱ्या घराला तेल-उटणे लावणाऱ्या बाईला तेल कोण लावते, हेही आम्ही कधी पाहिले नाही.

परतताना गाडीत सून म्हणाली, “काकू, दर शुक्रवारी तुमचे न्हाणे मी करीन. पोळ्यांचे काका पाहतील.” आम्ही मान डोलावली.

देहाची निगा म्हणजे शहरी चैन, असा आक्षेप येईल. तो घेणाऱ्याने आमच्या जिल्ह्यातील तेर अवश्य पाहावे. प्राचीन व्यापारी जगात ‘तगर’ म्हणून प्रसिद्ध असलेले आणि पुढे गोरोबाकाकांमुळे संतांच्या नकाशावर आलेले हेच ते गाव. तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या इटलीतील पाँपेई नगरात अशाच घाटाची भारतीय मूर्ती सापडली. तेरच्या त्या स्त्रीचे अलंकार पाहिले म्हणजे ध्यानात येते की, याच कोरड्या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वीही माणसे आपल्या देहाकडे आदराने पाहत होती. सातवाहनकाळच्या वसाहतींच्या उत्खननांत भाजलेल्या मातीच्या वज्र्याही सापडतात. टाच घासण्याची आमच्या आजीची वज्री याहून फारशी निराळी नव्हती.

आता आमच्या घरचा क्रम सांगतो. पाणी एक घंगाळ, म्हणजे सुमारे दोन बादल्या, अधिक नाही. नव्या पद्धतीच्या फवाऱ्याखाली मिनिटास आठ-दहा लिटर पाणी सहज जाते. तेव्हा आमचे अख्खे स्नान होते तितक्यात फवाऱ्याची चार-पाच मिनिटेच भागतील. सकाळी, पोटात अन्न नसताना, तिळाचे तेल वाटीत घेऊन ती वाटी ऊन पाण्यात ठेवून कोमट करावी. प्रथम टाळू, मग कानांच्या पाळ्या, मग तळपाय. हातापायांवर लांब हात फिरवावा, सांध्यांवर गोल. पाव तास तेल मुरू द्यावे. नंतर मसुराचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा व वाळा यांचे उटणे आणि केसांस शिकेकाई. अंगावर ऊन पाणी घ्यावे, डोक्यावर मात्र कोमटच. फार कढत पाणी केसांस व डोळ्यांस अपायकारक, असे वाग्भटच सांगतो. तेलकट पायाने फरशीवर घसरण्याचे भय असते, म्हणून वयस्कांनी पाटावर बसूनच न्हावे. ताप किंवा अजीर्ण असता अभ्यंग वर्ज्य. साबण नसल्याने न्हाणीचे पाणी परसातील केळीस जाते. शेवटी अंग टिपून, पांघरूण घेऊन अर्धा तास पडावे.

यातील अवघड भाग तेलाचा नाही, की पाण्याचाही नाही. तो शेवटच्या अर्ध्या तासाचा आहे. पहिल्या शुक्रवारी सौभाग्यवती न्हाणीघरातूनच विचारीत होती, “कुकर लावला का? पाणी वाया तर जात नाही ना?” न्हाऊन ती थेट स्वयंपाकघरात आली आणि आमच्या करपलेल्या पोळ्या पाहून तिने लाटणे हातात घेतले. दुसऱ्या शुक्रवारीही तेच. तेव्हा सुनेने स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेतले. तिसऱ्या शुक्रवारी ती माजघरात निजली, ती अकरा वाजेतो. घरातील अकराही माणसांस त्या दिवशी जेवण उशिरा मिळाले, आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही.

टाचा हळूहळू भरून येत आहेत. झोप अजून पूर्ववत नाही. चाळीस वर्षांचा श्रम पाच-सहा शुक्रवारांत उतरेल, असा आमचा भाबडा समजही नाही. वाचकांस एवढीच विनंती की, आपल्या घरी सर्वांत शेवटी न्हाणारे माणूस कोणते, आणि त्याच्या वाट्यास किती पाणी उरते, हे एकदा पाहावे.

आमच्याकडे आता शुक्रवारी माजघराचे दार लोटले गेले की, धाकटी नात ओठांवर बोट ठेवून आल्यागेल्यास सांगते, “हळू बोला. आजी श्रमनिद्रेत आहे.”